बाकड्याखालची पेटी

टक्केवारी मला सातवीत समजली. आमचं गाव आटपाडीच्या पुढे, घर मेंढपाळाचं. गुरुजींनी फळ्यावर शंभर ठिपके काढले आणि मला उभं करून विचारलं, "तुझ्या बापाची शंभर मेंढरं धर. त्यातली सत्तर पोट भरून आली, तीस उपाशी आली. तर किती टक्के चरली?" मी सत्तर म्हणालो. गुरुजींनी खडू माझ्या हातात ठेवला. म्हणाले, "एवढं ज्याला कळलं त्याला कुठंही नोकरी मिळते."

गुरुजी खोटं बोलले नव्हते. मी सांगलीत राहून इंजिनियरिंगची पदवी घेतली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावी ओलांडली नव्हती. मला इथवर आणणारी माणसं मी विसरलेलो नाही. गुरुजी, वसतिगृहात माझ्यासाठी एक भाकरी झाकून ठेवणाऱ्या मावशी, माझे वडील म्हणजे आबा, आणि सांगलीजवळच्या माधवनगरच्या वर्कशॉपमधले चाचा. पहिल्या तिघांचं माझ्या हातून काही वाईट झालं नाही. चाचांचं झालं. ते कसं झालं हे मला एकदा क्रमानं लिहून काढायचं आहे.

साखर कारखान्यात ऊस गव्हाणीत पडतो आणि तिथून एक जाड लोखंडी साखळी त्याला वर ओढून नेते. त्या साखळीच्या कड्या ज्या पोलादी पिनांनी जोडलेल्या असतात, त्या पिना आमच्या वर्कशॉपमध्ये तयार व्हायच्या. पिना कापून, कडक करून आल्या की शेवटचं काम ग्राइंडरचं. दोन दगडी चाकांच्या मधून पिन जाते आणि केसाच्या जाडीहूनही कमी फरकानं मापात येते. आमच्याकडे असा एकच ग्राइंडर होता, वयानं माझ्यापेक्षा मोठा. त्यावर तीस वर्षं चाचा उभे होते. ते मिरजेहून सायकलवर यायचे. सगळे त्यांना चाचाच म्हणायचे, मालकसुद्धा.

मला घेतलं होतं प्लॅनिंगला. माझ्याआधी असं पद नव्हतंच. मालक सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या कंपनीकडून ऑर्डर घेऊन यायचे, शेडमध्ये उभं राहून विचारायचे, "चाचा, किती दिवस?" चाचा छपराच्या पत्र्याकडे बघून एक आकडा सांगायचे आणि तीच तारीख कागदावर चढायची. मला ते बघून हसू यायचं. कॉलेजात आम्ही यावर एक अख्खा विषय शिकलो होतो.

पण मला काम शिकवलं चाचांनीच. पहिल्या आठवड्यात माझ्या हातात मायक्रोमीटर देऊन म्हणाले, "गड्या, ह्येला आवळायचं न्हाई. नुसतं इचारायचं. जोर लावलास की त्यो तुला पायजे तेच सांगतोय." दुपारी ते डबा उघडायचे तेव्हा झाकणात माझा वाटा आधी काढायचे. पिना तपासायला एक बाई होत्या, आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. एकेक पिन गेजमधून घालायची, गेली तर पास, अडकली तर बाजूला, हे त्यांचं दिवसभराचं काम. हात जेवढा चालायचा तेवढंच तोंड.

"चाचा, ह्येला खाऊ घालू नगासा," अक्का म्हणायच्या. "उद्या तुमच्या चावण्याचीबी एफिशियन्सी काढंल."

"काढू दे की. माझं निम्मं दात गेल्यात. पन्नास टक्के लिव्ह रं गड्या."

मी खरंच हसायचो तेव्हा.

त्या वर्षी भाद्रपदात खंडाळ्याच्या कंपनीची मोठी ऑर्डर आली. बारा हजार पिनांचा एकच लॉट, दसऱ्याच्या सुमाराला द्यायचा, कारण साखळ्या फलटणकडच्या एका कारखान्यावर हंगामाआधी चढवायच्या होत्या. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं, सगळं बाहेर ऐकू जात होतं.

"हा लॉट वेळेत गेला तर वर्षभराचं काम आपलं. नाही गेला तर ती लोकं स्वतःचंच नवं मशीन टाकणार आहेत, तसं बोलूनही दाखवलंय त्यांनी. मग हा म्हातारा ग्राइंडर मी काय पूजेला ठेवू?"

ग्राइंडर गेला तर चाचा जाणार, हे वेगळं सांगायची गरज नव्हती. त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. दुसऱ्या मशीनवर ते कधी उभे राहिले नव्हते आणि नव्या मशीनच्या पडद्यावरची अक्षरं त्यांना दिसलीही नसती.

मालक बाहेर येऊन म्हणाले, "चाचा, बारा हजार. किती दिवस?"

चाचांनी पत्र्याकडे बघितलं. "बावीस."

मग मालक माझ्याकडे वळले. "तू काय म्हणतोस? तू इंजिनियर आहेस."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला असा मोठ्या कामाचा प्रश्न विचारला होता. मी दोन दिवस मागितले.

गणित साधं होतं. मशीन न थांबता चाललं तर तासाला शंभर पिना देतं, हे मी घड्याळ लावून बघितलं. आठ तासांच्या पाळीला आठशे. पण एवढ्या कधी निघत नाहीत. सेटिंग, चाकाची धार काढणं, माप घेणं, यात वेळ जातो. प्रत्यक्षात किती निघतात ते चाचांच्या रजिस्टरात होतं. मी दोन वर्षांची पानं उलटली. सहाशे. सहाशे. पाचशे नव्वद. सहाशे दहा. सहाशे. म्हणजे मशीनची कार्यक्षमता पंचाहत्तर टक्के. बारा हजाराला सहाशेनं भागलं की वीस दिवस. चाचांचे बावीस फार लांब नव्हते, आणि मला मनातून जरा निराशा वाटली.

म्हणून मी आणखी खोल गेलो. ग्राइंडरवर जायच्या बाकी असलेल्या पिना रॅकवर किती आहेत ते स्वतः मोजलं आणि स्टॉकच्या वहीशी ताडून पाहिलं. वहीपेक्षा रॅकवर अठराशे पिना कमी होत्या.

मी पुन्हा मोजल्या, तेवढ्याच कमी. मागच्या महिन्याअखेरची मोजणी जुळलेली होती, अक्कांची आणि चाचांची सही होती खाली. म्हणजे याच महिन्यात अठराशे पिना गेल्या होत्या. कुणी नेल्या? त्या दिवशी मी चाचांच्या डब्यातलं काही खाल्लं नाही, पोट बरं नाही म्हणालो. त्यांनी घरून येताना माझ्यासाठी ओवा आणला दुसऱ्या दिवशी.

सुट्टीच्या दिवशी मी किल्ली मागून घेतली आणि एकट्यानंच शेड धुंडाळली. ग्राइंडरशेजारी एक बाकडं होतं. त्याच्याखाली चिंध्या, त्याखाली बारदान, आणि बारदानाखाली एक लाकडी पेटी. तिच्यात पिना होत्या. तेल लावून, ओळीनं मांडलेल्या, ग्राइंडिंग झालेल्या. अठराशे बारा. दहा काढून मापल्या, दहाही बिनचूक.

आधी मला सुटल्यासारखं झालं. चोरी नव्हती, चाचा चोर नव्हते. आणि मग त्याहून मोठा आनंद झाला, ज्याची मला आज लाज वाटते. मला वाटलं, मला शोध लागला आहे. ही माणसं रोज सहाशेपेक्षा जास्त काढतात आणि वरच्या लपवून ठेवतात. मागची मोजणी जुळली होती, म्हणजे पेटी याच महिन्यात भरली. अठराशे भागिले पंचवीस दिवस, रोजच्या बहात्तर. म्हणजे मशीन सहाशेचं नाहीच, पावणेसातशेचं आहे. बारा हजारातून पेटीतल्या अठराशे वजा केल्या, उरलेल्याला पावणेसातशेनं भागलं. पंधरा दिवसांवर थोडं. मी सोळा लिहिले.

पेटी कधीपासून आहे, हे विचारायचं मला सुचलं नाही. उत्तर कागदावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालकांना बाकड्यापाशी घेऊन गेलो आणि चाचांच्या, अक्कांच्या देखत ती पेटी बाहेर ओढली. हे मी केबिनमध्ये सांगू शकलो असतो. चाचांना आधी एकट्याला विचारू शकलो असतो. तसं केलं नाही, कारण मला वाटत होतं की खरं काम उघड्यावर करायचं असतं.

चाचांनी पेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मोजल्यासा?"

"हो. अठराशे बारा."

"बरोबर हाय."

अक्का पुढे झाल्या. "आवं मालक, ती पेटी म्हंजे…"

"ऱ्हाऊ दे गं," चाचा म्हणाले, आणि अक्का थांबल्या.

मालक ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "चाचा, माझ्या वडिलांपासून तुमच्या शब्दावर आम्ही लोकांना तारखा देतोय." चाचांनी हातातली चिंधी घडी करून बाकड्यावर ठेवली. त्यांची मान मी तशी खाली गेलेली कधी पाहिली नव्हती. मग मी माझा कागद दाखवला, सोळा दिवसांचा. मालकांनी तिथंच उभं राहून खंडाळ्याला फोन लावला, आणि संध्याकाळी माझ्या नावानं मेल गेला.

आता प्रश्न होता रोजचे पावणेसातशे काढायचे कसे. चाचा सकाळी आल्यावर अर्धा तास मशीन रिकामं फिरवायचे. पिना न घालता, नुसतं चाक फिरतंय, पाणी पडतंय, आणि चाचा तळहात मशीनच्या अंगाला लावून उभे. मी माझ्या तक्त्यात त्याला 'वाया गेलेला वेळ' असं लाल पेनानं लिहिलं होतं.

"चाचा, त्या अर्ध्या तासात पन्नास पिना निघतील."

"निघत्यात की."

"मग उद्यापासून आल्याबरोबर सुरू करू या का?"

चाचांनी मशीनवर हात ठेवला. "सकाळी जरा मोकळं फिरवावं लागतंय त्येला. म्हातारं हाय." मग माझ्या हातातल्या कागदाकडे बघून म्हणाले, "पर साहेब म्हणत्यात तर करू."

याआधी ते मला थट्टेनं साहेब म्हणायचे तेव्हा सगळे हसायचे. त्या दिवशी कुणी हसलं नाही. आणि ते माझ्याशी भांडले का नाहीत हे मला फार उशिरा कळलं. आदल्या दिवशी पेटी उघडी पडल्यावर, त्या शेडमध्ये त्यांच्या शब्दाला वजन उरलं नव्हतं. ते मीच काढून घेतलं होतं.

सुरुवातीचे दिवस माझं गणित खरं ठरलं. सहाशे ऐंशी. सहाशे नव्वद. एक दिवस तर सातशे. मी रोज संध्याकाळी तक्त्यावर हिरवा ठिपका द्यायचो. मालक खंडाळ्याहून येताना साताऱ्यात थांबून कंदी पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "हे आपल्या इंजिनियरचे." चाचांनी पेढा घेतला आणि न खाता खिशात ठेवला. जेवणाच्या सुट्टीत ते आता डबा घेऊन बाहेर कडुलिंबाखाली बसायला लागले होते. मला कुणी मनाई केली नव्हती, पण मीही तिकडे गेलो नाही.

नवव्या दिवशी दहाच्या सुमाराला चाचा माझ्या टेबलापाशी आले. ते कधी माझ्या टेबलापाशी येत नसत.

"साहेब, बेअरिंग गरम लागतंय. आज बंद ठिवूया. थंड झालं की खोलून बगतो."

मी तक्ता उघडला. आठ दिवसांत पेटी धरून सव्वासात हजार झाल्या होत्या. सगळे ठिपके हिरवे. एक दिवस बंद म्हणजे पावणेसातशे मागे. मी विचारलं, "संध्याकाळपर्यंत चालेल का?"

"चालंल का न्हाई ते मी कसं सांगू?"

"मग संध्याकाळपर्यंत चालवू. उद्या बघू."

ते गेले. पट्ट्याचा आवाज पुन्हा सुरू झालेला मी ऐकला आणि मला हायसं वाटलं, हेही मी लिहून ठेवतो.

दुपारी चारला आवाज बदलला. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा, आणि मग एकदम काहीच नाही. मी धावत गेलो. चाचांचा हात मशीनवरच होता. अक्कांनी त्या दिवसाच्या पिना गेजमधून घालायला घेतल्या. एक अडकली, दुसरी अडकली. पिना गोल राहिल्या नव्हत्या. चारशेच्या वर पिना त्यांनी एकेक करून लाल ट्रेमध्ये टाकल्या आणि त्या पूर्ण वेळात, पहिल्यांदाच, एक शब्द बोलल्या नाहीत.

बेअरिंग कोल्हापूरला दुरुस्तीला गेलं. पाच दिवस लागणार होते. त्याच दिवसांत खंडेनवमी आली. दर वर्षी त्या दिवशी चाचा सकाळी लवकर येऊन ग्राइंडर आरशासारखा पुसायचे, अक्का हळदकुंकू लावायच्या, झेंडूचा हार चढायचा, आणि मालकांच्या घरून शिरा यायचा. त्या वर्षीही चाचा लवकर आले. मशीनचं पोट उघडं होतं, मधला दांडा काढून फळीवर ठेवलेला. त्यांनी तसंच ते सगळं पुसलं, दांडासुद्धा. अक्का हार हातात घेऊन उभ्या राहिल्या, कुठे घालावा कळेना. शेवटी त्यांनी तो बाकड्याच्या कोपऱ्याला अडकवला.

त्या दिवशी मी अक्कांना विचारलं, पेटी कशासाठी होती.

"आता इचारतासा व्हय?" त्या म्हणाल्या. "दुखण्याची पेटी ती. मशीनचं अंग बरं असलं की सातशे निघत्यात. बरं नसलं की दोनशेबी निघत न्हाईत, दोन-दोन दिवस नुसतं खोलून बसाय लागतंय. मोठ्या मालकांच्या टायमाला कमी लिव्हलं की शेडमधी येऊन आरडाओरडा व्हायचा. आन जास्त लिव्हलं की दुसऱ्या दिवशी तेवढंच पायजे. मग चाचांनी ठरीवलं, रोज सहाशे. वर निघतील त्या पेटीत. कमी पडतील तवा पेटीतनं. आन काढल्या की परत भरायच्या, पेटी रिकामी ठिवायची न्हाई. पंधरा वर्सं झाली. मोजणीला आमी त्या रॅकवरच्यातच धरत हुतो."

पंधरा वर्षं. एका महिन्यातली म्हणून मी जिला पंचवीसनं भागलं, ती पेटी पंधरा वर्षांची होती. मशीन पावणेसातशेचं नव्हतंच. ते सहाशेचंच होतं, तेही सरासरीनं, आणि ती सरासरी रोज सारखी दिसावी म्हणून दोन माणसं बाकड्याखाली राबत होती. बावीस दिवस आणि वर पेटी, एवढं हाताशी असतं तर पाच दिवसांचं दुखणं त्यात सहज मावलं असतं. चाचा पत्र्याकडे बघून जे सांगायचे त्यात हे सगळं धरलेलं असायचं.

"तुम्ही सांगितलं का नाही मला?" मी म्हणालो.

"सांगत हुते की त्या दिशी. चाचांनी गप बशीवलं. पोराची पैलीच कामगिरी हाय, मालकापुढं त्येचा पाणउतारा नगं, म्हणले मागनं."

बेअरिंग आलं, बसलं, पण मशीन पूर्वीसारखं झालं नाही. दोन दिवसांत सहाशे पिना निघाल्या, दोन्ही दिवस मिळून. सोळाव्या दिवशी आमच्याकडे आठ हजारसुद्धा नव्हत्या. खंडाळ्याहून फोन आला तो मीच घेतला. पलीकडे माझ्याच वयाचा एक इंजिनियर होता, आवाजावरून आमच्याच भागातला वाटला.

"सर, लॉट कुठंय? तुमच्या तारखेवर आम्ही फलटणला फिटर पाठवून बसवलेत."

मी मशीनचं सांगितलं. सहा दिवस मागितले.

"सर, पण सोळा दिवस तुम्हीच लिहून दिले होते. आम्ही कुठं मागितले? आम्हाला पंचवीस चालले असते."

मी फोन ठेवला. ही गोष्ट मी मालकांना बरेच दिवस सांगितली नाही. चाचांना तर कधीच नाही.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा आबांना सगळं सांगितलं. आबा आता फारसे मेंढरांमागे जात नाहीत, पण उभं आयुष्य त्यांचं कळप चालवण्यात गेलं. त्यांनी टक्केवारी नीट ऐकून घेतली. मग विचारलं, "मग त्या मशीनला बरं नसंल त्या दिवसांचं काय धरलं हुतंस?"

"धरलं होतं की आबा. शंभरातले पंचवीस टक्के त्यासाठीच सोडले होते. रोजचे."

आबांना ते काही केल्या समजेना. "रोजचे? म्हंजे ते रोज थोडं थोडं आजारी पडतंय व्हय?"

चार वर्षं शिकलो त्यात हा प्रश्न कुठे आला होता की नाही, ते मी नंतर जुन्या वह्या काढून बघितलं. आला होता. एका कोपऱ्यात एक सूत्र होतं, माझ्याच अक्षरात, आणि मी त्याला परीक्षेत पूर्ण मार्क मिळवले होते.

मागून घेतलेल्या सहा दिवसांतही लॉट पुरा झाला नव्हता. खंडाळ्याच्या कंपनीनं स्वतःचं मशीन टाकलं. मालकांनी ग्राइंडर भंगारवाल्याला दिला. ज्या दिवशी क्रेन येणार होती त्या दिवशी चाचा नेहमीसारखे सायकलवर आले. नेहमीच्या जागी उभे राहिले. मी रजिस्टर बंद करून कपाटात ठेवायला घेतलं, तर म्हणाले, "आजचं लिव्हायचं ऱ्हायलं की."

"काय लिहू चाचा?"

"लिव्हा सहाशे."

अक्का तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. मी लिहिलं नाही. लिहायला हवं होतं असं आता वाटतं.

मालकांनी मला ठेवून घेतलं. म्हणाले, "माणूस चुकतो. तू शिकलेला आहेस, पुढं सुधारशील." हे चाचांना कुणी म्हणालं नाही. त्यांच्याकडे सुधारायला वेळ नव्हता, आणि खरं म्हणजे त्यांचं चुकलंच नव्हतं. मी तिथं वर्षभर होतो. बाकडं तिथंच होतं, खाली काही नव्हतं.

आता मी खंडाळ्यातच आहे, दुसऱ्या एका मोठ्या कारखान्यात, प्लॅनिंगलाच. इथे प्रत्येक मशीनवर पडदा आहे. मशीन पिना काढत असेल तर हिरवा, नुसतं फिरत असेल तर लाल. लाल झाला की माझ्या मोबाइलवर येतं, माझ्या साहेबांच्याही येतं. त्यामुळे सकाळी कुणी मशीन मोकळं फिरवत नाही. बटण दाबलं की पहिल्या मिनिटापासून माल. मी प्रत्येक लॉटच्या तक्त्यात दोन दिवस जास्तीचे धरतो आणि समोर कारण लिहितो. साहेब दर वेळी ते दोन दिवस खोडतात. वाईट माणूस नाही, त्यांनाही वर तक्ता दाखवायचा असतो. मी पुढच्या लॉटला पुन्हा धरतो, ते पुन्हा खोडतात. पाळीतली माणसं मला बघून टेबलाखाली पायानं काहीतरी आत सरकवतात, तेव्हा मी दुसरीकडे बघतो. माझं ते न बघणं त्यांना खरं वाटत नाही. मी गेल्यावर ती जागा बदलतात, मला माहीत आहे.

या उन्हाळ्यात गावाकडे जाताना वाट वाकडी करून मिरजेला उतरलो. चाचा जावयाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतात, खिळे वजन करून देतात. मला बघून उठले, स्टूल पुसून दिलं, जावयाला म्हणाले, "आमचं साहेब हायती." चहा मागवला. मी माफी मागायची म्हणून गेलो होतो. वाक्यं ठरवली होती. एक गिऱ्हाईक आलं, दोन इंची खिळे पाव किलो, मग दुसरं आलं, आणि ते पारड्यावरचे खिळे एकेक करून कमी करत काटा मधोमध आणत राहिले. मी नुसताच बघत बसलो.

निघताना त्यांनी विचारलं, "तितल्या नव्या मशीनवर किती निघत्यात पिना?"

मी आकडा सांगितला.

"लय हाय," ते म्हणाले. त्यांना खरंच बरं वाटलं असावं. मग जरा पुढे वाकून, जावयाला ऐकू जाऊ नये असं विचारलं, "सकाळी मोकळं फिरीवतात का न्हाई?"

"फिरवतात," मी म्हणालो. "रोज. अर्धा तास."

"मग झालं," चाचा म्हणाले, आणि माझ्यासाठी रिक्षा थांबवायला रस्त्यापर्यंत आले.